उडता दवाखाना आणि आकाशातली पाखरे

धारणीहून अमरावतीला जायचे म्हटले की हरिसाल, सेमाडोह, घटांग, परतवाडा अशी घाटवळणे डोळ्यांपुढे येतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एस. टी.ने जाणाऱ्या धडधाकट माणसाचाही त्यात अर्धा दिवस मोडतो. मग बाळंतपणात अडलेली बाई, झाडावरून पडून मणका दुखावलेला गडी किंवा कमी वजनाचे लेकरू यांचे काय होत असेल, हे मेळघाटातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आली, तिने पुष्कळ जीव वाचवले. परंतु घाट तोच राहिला. म्हणूनच आमच्या तालुक्यात कुठलीही सभा असो, "गडचिरोलीसारखे हेलिकॉप्टर आम्हाला का नाही?" हा प्रश्न निघतोच.

प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीत चकमकीत जखमी झालेल्या जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे, आणि पुरात भामरागडकडचा भाग तुटला की अडलेल्या गरोदर मातांनाही पोलिसांच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले आहे. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेश सरकारने २०२४ साली रुग्णांसाठी विमान व हेलिकॉप्टरची सेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऋषिकेशच्या एम्स रुग्णालयात 'संजीवनी' नावाची हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. सरळ रेषेत मोजले तर धारणी ते अमरावती हे अंतर ११५ किलोमीटरच्या आत भरते. ताशी २४० किलोमीटर वेगाने ते अर्ध्या तासात कापता येते. चार तासांचे काम अर्ध्या तासात, असा हा हिशेब आहे.

पण मागणी करणाऱ्याने त्या वस्तूचे गुण आणि दोष दोन्ही समजून घ्यावेत, असे आमचे मत आहे. हेलिकॉप्टरच्या धोक्यांविषयी बोलताना लोक इंजिन, धुके, विजेच्या तारा यांविषयी बोलतात. पाखरांविषयी कुणी बोलत नाही. बोलले तर हसतात. "एवढंसं पाखरू, त्याच्यानं का होते जी?" असे आमच्याच एका वडीलधाऱ्या माणसाने विचारले होते. या लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

घार घ्या. तिचे वजन पाऊण ते एक किलो. ती झाडावरून आपल्या अंगावर येऊन बसली तर ओरखडा उठेल, यापलीकडे काही नाही. पण ताशी २४० किलोमीटर वेगाने जाणारे हेलिकॉप्टर तिच्यावर आदळले, तर तो धक्का पन्नास किलो ज्वारीचे पोते पंधरा फुटांवरून खाली पडावे एवढा असतो. तोही वीतभर जागेत, डोळ्याचे पाते लवायच्या आत. घारीच्या जागी पाच किलोचे गिधाड असेल, तर तेच पोते पंच्याहत्तर फुटांवरून पडले असे समजावे. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट वेगाची आहे. वजन दुप्पट झाले तर धक्का दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. अवजड पाखरापेक्षा आपली घाईच जास्त मारक ठरते ती अशी.

पाखरू बाजूला का होत नाही, हा पुढचा प्रश्न. ते होते, पण उशिरा. समोरून येणारी वस्तू किती अंतरावर आहे हे पाखरू पाहते. ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला नीट येत नाही. कुत्रा, कोल्हा, शिकारी ससाणा यांच्यापासून सुटण्यापुरते निसर्गाने त्याला शिकवले आहे. दोनशे मीटरवर दिसलेले हेलिकॉप्टर तीन सेकंदांत अंगावर येते, हे त्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवात कुठे बसणार? वैमानिकालाही तीनच सेकंद मिळतात, आणि निळ्या-करड्या आभाळात करडी घार दिसायलाच त्यातला एक सेकंद जातो.

विमानांना पाखरांचा त्रास आहेच, आणि तो जुना आहे. कॅल रॉजर्स नावाचा अमेरिकन वैमानिक १९१२ साली समुद्रपक्ष्याच्या धडकेने मेला. या प्रकारचा तो पहिला मृत्यू समजतात. आपल्याकडचेच सांगायचे तर, २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत रोहित पक्ष्यांचा थवा आला. तीसहून अधिक पक्षी मेले, विमान सुखरूप उतरले. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकात्याला निघालेले विमान पक्ष्याची धडक बसल्याने नाक चेमटून परत आले. पण मोठ्या विमानाचे एक बरे असते. ते काही मिनिटांत पाखरांच्या थराच्या वर निघून जाते. बहुतेक पाखरे जमिनीपासून तीन हजार फुटांच्या आत उडतात, आणि विमान तीस हजारांवर असते. धोका असतो तो चढताना आणि उतरताना.

हेलिकॉप्टरचे तसे नाही. त्याचा सगळा प्रवासच पाखरांच्या वस्तीतून होतो. गावावरून, तळ्यावरून, डोंगराच्या सोंडेवरून ते जाते. शिवाय त्याच्या तोंडाशी इंजिन नसते, काच असते. वैमानिकाला पायाखालची जमीन दिसावी म्हणून ती काच मोठी ठेवलेली असते. इंजिनाच्या तोंडावर पुष्कळदा जाळी किंवा कचरा गाळणारी रचना असते, त्यामुळे पाखरू आत शिरून इंजिन बंद पडण्याची भीती त्या मानाने कमी. वरचे मोठे पातेही बरेच दणकट असते. शेपटीकडचे लहान पाते मात्र नाजूक, आणि ते मोडले तर यंत्र स्वतःभोवती गरगरू लागते. तरीही सर्वांत जास्त मार खाते ती समोरची काच, आणि काचेमागे वैमानिकाचा चेहरा.

२ मे २०२३ रोजी कर्नाटकातील काँग्रेस नेते डी. के. शिवकुमार प्रचाराला निघाले असता होस्कोटेजवळ त्यांच्या हेलिकॉप्टरची काच पक्ष्याच्या धडकेने फुटली आणि त्यांना बंगळूरला उतरावे लागले. २६ जून २०२२ रोजी उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांचे हेलिकॉप्टर याच कारणाने वाराणसीत परत उतरवले गेले. पुढारी असल्यामुळे या बातम्या छापून आल्या. २३ नोव्हेंबर २०१५ रोजी वैष्णोदेवीच्या पायथ्याशी कटरा येथे यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. त्या वेळी गिधाडाच्या धडकेचे कारण सांगितले गेले होते.

रुग्णसेवेतल्या हेलिकॉप्टरची गोष्ट पाहायची तर अमेरिकेतली पाहावी लागते, कारण तिथे ही सेवा फार मोठ्या प्रमाणावर चालते. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी आर्कान्सा राज्यात एका दवाखान्यातून रुग्ण आणायला एक लहान हेलिकॉप्टर निघाले होते. दिवस मावळून अंधार पडलेला. आर्कान्साची ती बाजू भातशेतीची आहे आणि हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून हिमहंसांचे प्रचंड थवे उतरतात. त्या थव्यात हेलिकॉप्टर शिरले आणि कोसळले. वैमानिक, परिचारिका आणि सहायक असे तिघेही गेले. रुग्ण आत नव्हता. तो पलीकडच्या दवाखान्यात वाट पाहत होता. इंग्लंडमध्ये नॉरफॉकच्या किनाऱ्यावर ७ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकन हवाई दलाचे बचाव हेलिकॉप्टर सरावात असताना रानटी हंस काच फोडून आत आले, चालक बेशुद्ध झाले आणि चौघे मेले.

तिसरी घटना रुग्णसेवेची नव्हे, पण तिच्यातून शिकण्यासारखे जास्त आहे. ४ जानेवारी २००९ रोजी लुइझियाना राज्यात तेलविहिरीवर कामगार नेणारे मोठे हेलिकॉप्टर दलदलीत पडले. नऊपैकी आठ जण गेले. सुरुवातीला कुणाला काही कळेना, कारण काच फोडून आत आलेला पक्षी सापडला नाही. पुढे काचेवरच्या डागातून लाल शेपटीच्या बाजाचा अंश सापडला. हा बाज जेमतेम किलोभर वजनाचा. तो काचेच्या वरच्या कडेला आदळला होता. तपासात असे निघाले की मूळची जाड थरांची काच बदलून तिथे हलकी प्लास्टिकसारखी काच बसवलेली होती, आणि धक्क्याने छतातले आग विझवण्याचे दांडे व इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारे दांडे जागचे हलले. दोन्ही इंजिने धडधाकट असूनही त्यांचा जोर गेला. काय झाले हे उमगण्याआधीच खालची जमीन आली. म्हणजे पाखराने कुणाला मारले नाही; पाखराच्या धक्क्याने एक दांडा हलला, आणि तो दांडा तिथे तसा असू नये हे आधी कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

काच किती मजबूत असावी याचा नियम आहे. मोठ्या वर्गातल्या हेलिकॉप्टरने एक किलोचे पाखरू पूर्ण वेगात आदळले तरी सुखरूप उतरता आले पाहिजे, अशी अट अमेरिकेत १९९० च्या दशकात आली. पण सुमारे ३,१७५ किलोच्या आतली जी लहान हेलिकॉप्टरे आज उडत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना बनवताना अशी कोणतीही अट नव्हती. आर्कान्सात पडलेले याच लहान वर्गातले होते. लहान यंत्र स्वस्त पडते, शाळेच्या मैदानातही उतरते, म्हणून रुग्णसेवेत तेच पुष्कळदा वापरतात. उद्या सरकारने मेळघाटासाठी यंत्र घ्यायचे ठरवले तर आपल्या लोकप्रतिनिधींनी पहिला प्रश्न काचेचा विचारावा. दुसरा प्रश्न शिरस्त्राणाचा. पुढे झाकण असलेले शिरस्त्राण वैमानिकाने घातलेले असेल तर काच फुटूनही त्याचे डोळे वाचतात. ही वस्तू यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही.

आता आपल्या आभाळाकडे वळू. धारणी तापीच्या खोऱ्यात, सखल भागात. आणि अमरावतीकडे जायचे तर मधे सातपुड्याची गाविलगडची रांग आडवी. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या वर. सकाळी नऊ-दहानंतर उन्हाने कडे तापले की ऊन हवा वर चढू लागते आणि तिच्यावर घारी, सर्पगरुड, मधुबाज पंख न हलवता गिरक्या घेत वर जातात. कड्यावर आदळून वर वळणारा वाराही त्यांना हवाच असतो. म्हणजे हेलिकॉप्टरने जिथून रांग ओलांडायची, नेमकी तीच जागा या मोठ्या पक्ष्यांची. दुपार टाळून सकाळी लवकर जावे म्हटले, तर पहाटे आणि संध्याकाळी गायबगळे, कावळे, पोपट, पारवे यांची ये-जा असते. संध्याकाळी वडाच्या झाडावरून वटवाघळे निघतात, आणि वटवाघूळ पाखरू नसले तरी काचेला त्याचा फरक कळत नाही. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागला की त्यांची झुंबड असते. हिवाळ्यात ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचे थवे आपल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. एकेक भोरडी मूठभर, पण थवा ढगासारखा.

यात एक अडचण अशी की आपल्याकडे साध्या नजरेने होणारी उड्डाणे सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी थांबतात आणि सूर्योदयाच्या २० मिनिटे आधीपर्यंत होत नाहीत. दिवे नसलेल्या मैदानावर रात्री उतरणे तर शक्यच नाही. त्यामुळे रात्री दोनला अडलेली बाळंतीण पहाटेची वाट पाहणार, आणि दिवसभर "आज बरे वाटेल" म्हणत थांबलेला रुग्ण दिवस कलताना निघणार. म्हणजे घाईची बोलावणी नेमकी पाखरांच्याच वेळेला येतील. साधे प्रवासी हेलिकॉप्टर अर्धा तास थांबू शकते. रुग्णाचे हेलिकॉप्टर थांबवायचे कसे, आणि थांबवायचा निर्णय कुणी घ्यायचा? आमच्या मते हा निर्णय वैमानिकाचाच असावा आणि आत कोण रुग्ण आहे, किती गंभीर आहे, हे त्याला निर्णयाआधी सांगूही नये. काही देशांतल्या सेवांमध्ये असा रिवाज आहे. लहान मूल आहे असे कळले की माणूस धोका पत्करतो.

वेग कमी करणे हा सर्वांत सोपा उपाय. २४० ऐवजी १७० च्या वेगाने गेले तर धक्का निम्म्यावर येतो. धारणी-अमरावतीच्या वाटेवर याची किंमत पडते बारा मिनिटांची, २८ च्या जागी ४०. चार तासांच्या रस्त्यापुढे ही बारा मिनिटे सोसण्यासारखी आहेत. पाखरांच्या वर, तीन हजार फुटांपलीकडे जाणे हा दुसरा उपाय. मात्र छातीत हवा भरलेल्या रुग्णाला किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उंचावर नेणे डॉक्टरांना नको असते, कारण वर हवा विरळ आणि अंगात अडकलेली हवा फुगते. तेव्हा वैमानिकाला जे सोयीचे ते डॉक्टरला नाही, असे होते. पाखरू समोर आलेच तर शक्यतो वर चढावे, कारण घाबरलेले पाखरू बहुधा खाली सूर मारते. समोरचा दिवा दिवसाही चालू ठेवावा, लुकलुकता असेल तर अधिक चांगले.

एवढे झाले वैमानिकाचे. गावाचे काम याहून मोठे आहे. १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमाने विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणे, सोलणे व घाण टाकणे यांना मनाई केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात देशातल्या विमानतळांवर अभ्यास केला, तेव्हाही घारी-गिधाडांना ओढून आणणारी मुख्य गोष्ट उघड्यावरचे मांस आणि कचरा हीच निघाली. आमच्याकडे हेलिकॉप्टर उतरते ते मंत्री आल्यावर, कुठल्या तरी मैदानावर चुन्याचा गोल आखून. त्या मैदानाच्या कडेला आठवडी बाजाराची घाण पडते की काय, मटणाच्या दुकानांची आतडी कुठे जातात, मेलेले ढोर कुठे टाकतात, हे त्या दिवशी कुणी पाहत नाही.

मेलेल्या ढोराचा विषय निघाला म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. पूर्वी हे काम कुणाच्या माथी होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्यास सांगितले, पुढे गावोगाव आपल्या माणसांनी ढोरे ओढणेही सोडले, आणि ते योग्यच झाले. उरलेले काम गिधाडे करीत. पण १९९० च्या दशकात गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेली. असे औषध दिलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. ज्यांचे थवे होते तिथे शंभरात पाचही उरली नाहीत. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. २०२४ मध्ये हरयाणातील पिंजोरच्या केंद्रातून पेंच आणि ताडोब्यात, आणि २०२५ मध्ये मेळघाटातही गिधाडे आणली गेली. मधल्या काळात ढोर पडले की ते आठ-आठ दिवस पडून राहू लागले आणि त्यावर कुत्री, कावळे, घारी जमू लागल्या. आकाशातून गिधाड गेले म्हणून धोका गेला असे झाले नाही; तो गावाच्या जवळ आला. हे काम ग्रामपंचायतीचे व नगरपंचायतीचे आहे. खोल खड्डा, चुना, आणि त्यासाठी पगारी माणूस व यंत्र, मग तो माणूस कोणत्याही समाजाचा असो. "पूर्वी तुम्हीच करत होता" असे आजही कुठे कुठे ऐकू येते. त्याला आमचे उत्तर एकच, ताळेबंदात तरतूद करा.

पाखरांना मारणे हा मार्ग नव्हे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो बंदही आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या अंगणात राहून आपण तसे म्हणूही नये. त्यांना मैदानावर येण्याचे कारण उरू द्यायचे नाही, एवढेच करायचे. मैदान तळ्यालगत नको, वटवाघळांच्या झाडाजवळ नको. हेलिकॉप्टर येताना दिसले की हौशी पोरे फटाके फोडतात. त्याने बसलेली पाखरे नेमकी त्याच वेळी उठतात आणि वाटेत येतात. हाकलायचीच तर अर्धा तास आधी हाकलावीत. संक्रांतीच्या दिवसांत पतंग आणि मांजा यांचेही भान ठेवावे, तो वेगळा विषय. उन्हाळ्यात मोकळ्या खडकाळ मैदानावर टिटवी अंडी घालते. ती तिथून हलत नाही, उलट अंगावर धावून येते, आणि रात्रीही जागी असते. म्हणून उतरण्याच्या गोलात चैत्र-वैशाखात एकदा चालत फिरून पाहिलेले बरे.

पाखरांचे कारण पुढे करून कुणी मेळघाटाला हेलिकॉप्टर नाकारू लागला, तर ते आम्हाला मान्य होणार नाही. घाटातली वळणे, पावसाळ्यात खचणारा रस्ता आणि रस्त्यातच होणारी बाळंतपणे यांचा धोका पाखरांहून कितीतरी मोठा आहे. बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारखी माणसे वर्षानुवर्षे राहिली म्हणून कित्येकांना खाली यावेच लागले नाही, हेही विसरता येत नाही. गावातला चांगला दवाखाना हे हेलिकॉप्टरच्या आधीचे काम. पण ज्याला खाली न्यावेच लागते, त्याच्यासाठी हवाई वाट हवी, आणि ती डोळे उघडे ठेवून हवी.

शेवटी एक बारीकसे काम. धडक बसली, काच तडकली, पण सगळे सुखरूप उतरले, असे झाले तर बहुतेक ठिकाणी यंत्र पुसून घेतात आणि विषय संपतो. पुसू नये. चिकटलेले पीस, रक्ताचा डाग, कापडावर टिपून कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो. वर तारीख, वेळ, गाव आणि अंदाजे उंची लिहावी. कोइमतूरच्या सालिम अली पक्षीशास्त्र केंद्रात अशा नमुन्यावरून पक्षी ओळखतात. तो गायबगळा होता की घार, हे कळले की कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने जाऊ नये हे ठरवता येते. आमच्या सातपुड्यावरची अशी नोंदवही कोऱ्या पानापासूनच सुरू करावी लागेल, आणि ती हेलिकॉप्टर येण्याच्या आधीही सुरू करता येते: सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभे राहून कोणती पाखरे किती वाजता कुठून कुठे जातात, एवढे शाळेतल्या मुलांना सहज लिहिता येईल.